दोनशे बारा प्लेटा

“काका, वाचायचं काही नाही त्यात. खाली फक्त सही करायची,” रुची म्हणाली, आणि ताराचंदनं खिशातून चष्मा काढला.

वाचायचं काही नाही असं कोणी म्हटलं की हा माणूस शेवटच्या टिंबापर्यंत वाचतो, हे त्या बिचारीला माहीत असायचं कारण नव्हतं. ती नागपूरची, वय अठ्ठावीस. समुद्रकाठच्या ज्या सरकारी गोदीत ताराचंद शहारेनं चौतीस वर्षं पोलादाचं यार्ड सांभाळलं, त्याच यार्डाची ती आता मॅनेजर होती. दिवाळीच्या सुटीवर घरी आली होती आणि घरचा फराळ अर्धवट टाकून सकाळच्या गाडीनं गोंदिया, तिथून लोकलनं सालेकसा आणि पुढे ऑटोनं पिपरटोला असा प्रवास करून पोचली होती. अंगणात धानाचे भारे येऊन पडत होते. पार्वताबाईनं घरातली एकुलती एक हातांची खुर्ची तिच्यासाठी बाहेर काढून पदरानं दोनदा पुसली होती.

ताराचंद बाजेवर बसून वाचत होता. ओठ हलत होते. पार्वताबाई चहाचा कप घेऊन उभीच राहिली.

“होते का नाई वाचून? चहा थंडा होऊन राहिला तिचा.”

“तिचा कप तिले दे ना मंग. माझ्या वाचन्यासाठी काऊन थांबली?”

रुची हसली. हसायला तिला कारणही होतं. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी ती साहेब लोकांच्या दारात खेटे घालत होती, ती आता एका सहीवर येऊन ठेपली होती.

गोष्ट अशी. जहाज बांधायचं तर पोलादाच्या प्लेटा अगदी मोजून मागवता येत नाहीत. थोड्या जास्तच मागवाव्या लागतात. जहाज पाण्यात उतरतं आणि मागे यार्डात आख्ख्या, अर्ध्या, कोपरे कापलेल्या प्लेटा उरतात. गोदीत त्याला सरप्लस म्हणतात. बहुतेक ठिकाणी सरप्लस म्हणजे गंजत पडलेला आणि पुढेमागे भंगारात जाणारा ढीग. ताराचंदच्या यार्डात तसं नव्हतं, आणि त्याचं कारण ताराचंदच होता.

कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक प्लेटच्या एका कोपऱ्यावर नंबर ठोकलेला असतो. पोलाद साधं आहे की कडक, ते त्या नंबरावरून कळतं. नुसतं बघून ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, दोन्ही सारखीच काळी. प्लेट कापली की नंबराचा कोपरा जहाजाबरोबर जातो आणि उरलेला तुकडा बेनाव होतो. बेनाव तुकडा कितीही चांगला असला तरी जहाजाला लागत नाही. म्हणून नियम असा की गॅसची ज्योत प्लेटला लागायच्या आधी स्टोअरकीपरनं तिथे जायचं, उरणाऱ्या भागावर तोच नंबर हातोडीनं ठोकायचा, भोवती पांढऱ्या रंगाचा गोल काढायचा आणि तपासनिसानं शेजारी आपला शिक्का मारायचा. आधी नंबर, मग कापणी. नव्या पोरांना ताराचंद सांगायचा, “लग्नातल्या भांड्यायवर नाव घालतो ना आपन? पंगत उठल्यावर कोनाचं गंज-पातेलं कोनाच्या घरी गेलं, ते नावावरून समजते. तसंच आहे हे.”

नियम सगळ्याच यार्डांत होता, पण घाईगर्दीत तो भिंतीवरच्या पाटीपुरता राहायचा. ताराचंद मात्र उघडलेला डबा तसाच ठेवून नंबर ठोकायला जायचा. उन्हाळ्यात प्लेटा इतक्या तापायच्या की चपलेचा रबर चिकटायचा, तरी हा पठ्ठ्या तिथे उकिडवा बसून एकेक आकडा ठोकत असायचा. देशभरातून आलेले गॅसकटर त्याला नंबरबाबू म्हणायचे. बाप लोकांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, रोवणी-कापणी करत म्हातारा झाला, मुलगा गोंदियाच्या आयटीआयमधून थेट जहाजाच्या कारखान्यात गेला. त्या नोकरीची त्याला अपूर्वाई होती आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या थप्प्यांत दोनशे बारा प्लेटा होत्या, सगळ्या नंबरासकट. रुचीच्या डोक्यात आलं, की गोदीला एक नवी टग बांधायचीच आहे, मोठमोठ्या जहाजांना ढकलून धक्क्याला लावणारी ती ठेंगणी, दणकट बोट; मग ती या प्लेटांचीच का बांधू नये? वरचे लोक हो-नाही करत राजी झाले. अडचण एकच. दोन पावसाळ्यांपूर्वी रेकॉर्डरूम गळली आणि त्या प्लेटांचे कारखान्याचे दाखले भिजून त्यांचा लगदा झाला. उरले होते फक्त प्लेटांवरचे नंबर. ते खरे असल्याचं ठोकणाऱ्यानं लिहून दिलं तर चालेल, असं मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं. नाहीतर महिनाअखेर सगळ्या दोनशे बारा भंगाराच्या लिलावात.

“आणि काकू, एक राहिलंच,” रुची पार्वताबाईकडे वळून म्हणाली. “टगची पहिली प्लेट कापायचा मोठा कार्यक्रम आहे जानेवारीत. त्यात काकांचा सत्कार आहे. ती पहिली प्लेट काकांच्या हातून कापायची. तुम्हीपण यायचं, दोघांचं तिकीट गोदी काढणार. एक नवं जहाज पाण्यात उतरायचंय त्याच आठवड्यात, तेही बघायला मिळेल.”

“जहाज?” पार्वताबाई म्हणाली.

“हो. अख्खं.”

पार्वताबाई मटकन धानाच्या भाऱ्यावर बसली. चौतीस वर्षं नवरा जहाजाच्या कारखान्यात होता आणि तिनं जहाज पाहिलेलं नव्हतं. सासू अंथरुणाला, घरी गायीगुरं, मुलगा अतुल गावच्या शाळेत. जायचं जायचं म्हणताना नोकरी संपली. गावात कोणी विचारलं की ती सांगायची, आमच्या खोलीएवढं इंजिनच असते त्याचं. तेही ऐकीवच. आता अतुल रायपूरला नोकरीला लागला होता, सासू जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तिला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

“गाडीत झोपाले जागा भेटते ना?” तिनं विचारलं. तिची जायची तयारी तेवढ्यात निम्मी झालीसुद्धा.

ताराचंदचं वाचून झालं होतं. शेवटचं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं. “‘माझ्या कार्यकाळात एकाही प्लेटवर नियमाबाहेर किंवा अंदाजाने नंबर मारण्यात आलेला नाही.’ हे तू लिवलं?”

“मी लिहिलं आणि साहेबांनी पाहिलं. का, काका?”

“यादी आहे का सोबत?”

तिनं यादी दिली. ताराचंदचं बोट आकड्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

“एकशे सत्तेचाळीस आन् एकशे अठ्ठेचाळीस. सात नंबरच्या थप्पीत सर्व्यात खालच्या. ह्या दोन कुठी लागून राहिल्या?”

रुचीनं लॅपटॉप उघडून टगचा नकाशा काढला. “नाकाला. खालच्या अंगाला. कडक पोलाद आहे ना ते, टग नाकानंच ढकलते.”

ताराचंदनं चष्मा काढून बाजेवर ठेवला. मग तो उठला, रांजणातलं पाणी प्याला आणि परत येऊन होता तिथेच बसला.

“तो नंबर मी मनानं मारला, पोरी,” तो म्हणाला.

रुचीला आधी कळलंच नाही. पार्वताबाईला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज तिला कळला आणि ती भाऱ्यावरून उठून त्याच्याजवळ आली.

मग त्यानं सांगितलं. अठ्ठ्याण्णवचं साल. कापणीच्या जागेवर दोन प्लेटा शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या, एक साधी, एक कडक. दुपारच्या सुटीनंतर तो वीस-पंचवीस मिनिटं उशिरा पोचला, तोवर कटरांनी काम उरकून टाकलं होतं. नऊ तुकडे, सगळे बेनाव, एकावर एक. सात तुकडे त्यानं कडेला कड लावून जुळवले. कापलेली कड कशी गेली ते पाहिलं की कोणता तुकडा कशातून निघाला ते कळतं, त्यात चूक नव्हती. पण दोन तुकडे चारी बाजूंनी सरळ कापलेले होते. ते कशालाही जुळत.

“नियमानं त्या दोन भंगारात गेल्या पायजे होत्या. दोनच तर होत्या. पन सोळा वर्सं माझ्या यार्डातून एक तुकडा बेनाव गेला नव्हता. साहेब बाहेरच्या लोकायले आनून आनून दाखवायचा, हा पहा आमचा शहारे. ते डोक्यात गेलं माझ्या.” ताराचंद जमिनीकडे पाहत बोलत होता. “हातोडी मारून आवाज ऐकला. दोनई कडक वाटल्या. ठोकला नंबर. तपासनीस आला, त्यानं पाह्यलंबी नाई. म्हने, शहारेनं ठोकला म्हनजे झालं. मारला शिक्का.”

“मग नंतर कोणाला सांगितलं नाही?”

“नाई. थप्पीच्या बुडाशी ठेवल्या. प्लेटा मागाले कोनी आलं की वरच्या देत जायचो. अठरा वर्सं देल्या नाई कोनाले. रिटायर झालो त्या दिवशी सांगनार होतो, तर हार घातले लोकायनं.”

अठरा वर्षं एक माणूस दोन प्लेटांवर पहारा देत होता आणि सगळी गोदी त्याच्या शिस्तीचं कौतुक करत होती. निवृत्त झाल्यावरही दर पावसाळ्यात त्याला वाटायचं, थप्पी हलवली असेल का कोणी. पार्वताबाईला वाटायचं, जुन्या नोकरीची आठवण काढतो.

रुची हुशार होती. तिनं यादीवर पेन टेकवलं. “काका, काही बिघडलेलं नाही. या दोन प्लेटा मी टगमध्ये लावतच नाही. बाजूला काढते. दुसऱ्या दोन घेऊ. तुम्ही सही करा, टग सुरक्षित, तुमचं नावही सुरक्षित. हे आपल्या तिघांत राहील.”

पार्वताबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, ही पोरगी सोन्यासारखी आहे. खरं सांगायचं तर कोणालाही तसंच वाटलं असतं.

“बाजूला काढून कुठी ठेवशील?” ताराचंदनं विचारलं.

“ठेवीन कुठेतरी.”

“नंबर तर आहेच तिच्यावर. शिक्काबी आहे. तुझी बदली होईल तीन वर्सांत, दुसरा येईल, म्हनेल चांगल्या प्लेटा पडून राहिल्या, लावा. मी रिटायर झालो तं तू काढल्याच ना थप्पीतून?”

रुचीनं यादीवरचं पेन उचललं.

“आन् ह्या कागदावर लिवलं आहे, अंदाजानं एकबी मारला नाई. मी मारला. हे लिवून देलं तं बाकीच्या दोनशे दहा नंबरायची काय किंमत राह्यली?”

“काका, तुम्ही दोन नंबर चुकीचे असल्याचं लिहून दिलं तर साहेब बाकीचे दोनशे दहासुद्धा मान्य करणार नाहीत!” रुचीचा आवाज चढला. “सगळा लॉट भंगारात जाईल. तुमच्या सगळ्या वर्षांचं काम. माझी दोन वर्षं. सत्कार तर विसराच. वरून चौकशी लागेल तुमच्यामागे.”

“लागू दे.”

“दोन प्लेटांसाठी?”

“टग ढकलाले लागते तवा समोर केवढं जहाज असते, पाह्यलं ना तू? तिचं नाक फाटलं तं आत मानसं असतात, बेटा. सात-आठ तं असतातच.”

त्यानं घरातून अतुलची जुनी वही आणली आणि मागच्या कोऱ्या पानावर आपल्या हातानं लिहिलं. स्टोअरकीपरचं अक्षर, एकेक आकडा सुटा. दोनशे दहा नंबर नियमानं मारले आहेत. यादीतल्या एकशे सत्तेचाळीस आणि एकशे अठ्ठेचाळीस या प्लेटांचे नंबर मी अंदाजाने मारले आहेत, ते खरे धरू नयेत. तपासनिसाचा दोष नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खाली सही, तारीख, वेळ. पान फाडून त्यानं रुचीच्या हातात दिलं. तिनं आणलेला टाइप केलेला कागद घडी घालून तिलाच परत केला.

रुचीनं ते पान वाचलं. तिचे डोळे भरून आले, ते रागानं की आणखी कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. “तुम्ही कुठे होता हो त्या दिवशी?” तिनं विचारलं. “तुम्ही तर डबा सोडून जायचात म्हणे.”

“होतो असाच. बाहेर,” ताराचंद म्हणाला.

ऑटो आला. पार्वताबाईनं रुचीच्या पिशवीत बळेबळे नव्या धानाचे पोहे कोंबले. ती गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

धूळ खाली बसेपर्यंत पार्वताबाई फाटकाशी उभी होती. मग आत येऊन नवऱ्यासमोर बसली.

“अठ्ठ्यान्नव साली तुमी महिन्यातून एकडाव फोन करत होते. दुपारच्या सुटीत. सालेकशाच्या दुकानात. मी चालत जाओ.”

ताराचंदनं वही मिटून ठेवली.

“एकडाव मले उशीर झाला होता. दुकानदार म्हने, तीनडाव येऊन गेला फोन. मंग चौथ्या डावाले मी भेटली. तोच का दिवस?”

“सोड ना आता.”

“तोच का?”

“फोन सोडून कामावर गेलो असतो तं पुढच्या महिन्यावर गेलं असतं,” ताराचंद म्हणाला. “माय बिमार होती. म्हटलं, थांबतो.”

“आन् काय सांगतलं मी तवा?”

ताराचंदला हसू आलं. “गाय व्याली म्हनून सांगतलं. गोऱ्हा झाला म्हने.”

पार्वताबाईनं कपाळावर हात मारला. मग दोघंही हसत सुटली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या नंदाबाईला मघाशीच, ताराचंद यादी पाहत असताना, तिनं कुंपणावरून ओरडून सांगितलं होतं की आम्ही जहाज पाहायला चाललो जानेवारीत. आता तिला जाऊन सांगावं लागणार होतं की नाही चाललो. ते काम तिनं दुसऱ्या दिवशी केलं. पाय दुखतात, एवढा प्रवास झेपत नाही, असं सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही.

पुढे सगळं रुची म्हणाली तसंच झालं. साहेबांनी ते पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दाखला नामंजूर. सत्कार रद्द. गोदीकडून ताराचंदला एक पत्र आलं, त्यात त्याच्या सेवेबद्दल एक अक्षर नव्हतं, ‘आपली कबुली नोंदविण्यात आली आहे’ एवढंच होतं. ताराचंदनं तेही शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं.

रुची मात्र हटणारी नव्हती. लिलावाच्या चार दिवस आधी तेच वहीचं पान घेऊन ती मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. जो माणूस न विचारता स्वतःचे दोन नंबर खोटे म्हणतो, त्याचे दोनशे दहा खरे असणार, एकदा तपासून तर बघा, म्हणाली. साहेबांनी लिलाव थांबवला. प्रत्येक प्लेटचा बोटभर तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवायचा, वेळ लागला तर लागू दे, असं ठरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचा फोन आला. ताराचंद बांधीच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, बसला होता आणि पार्वताबाई खाली वाळलेलं धसकट गोळा करत होती. त्यानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“काका, मागच्या आठवड्यात निकाल आले. दोनशे दहा प्लेटा, जसा तुमचा नंबर तस्संच पोलाद. एकपण चुकली नाही. टग होणार आहे.”

“आन् त्या दोन?”

“एकशे सत्तेचाळीस कडकच निघाली. एकशे अठ्ठेचाळीस साधी होती, काका. ती नाकाला लागली असती.”

“भंगारात टाकली?”

“माझ्यासमोर. नंबर घासून.”

“चांगलं केलं,” ताराचंद म्हणाला. त्यानं फोन धुऱ्यावर ठेवून दिला.

रुची अजून बोलतच होती. पहिली प्लेट परवाच कापली, मोठे पाहुणे आले होते, भाषणं झाली. तुमचं नाव कोणी घेतलं नाही काका, मला फार वाईट वाटलं. ताराचंद म्हणाला, नावानं काय होते, नंबर बरोबर निघाले ना. आणि फोन ठेवला.

पार्वताबाई धसकट तसंच टाकून उभी होती. “केवढी आहे जी ते टग?” तिनं विचारलं. “आपल्या घराएवढी?”

“घराएवढी? येडी का काय.” ताराचंद उठला. “बत्तीस मीटर लांब. थांब, दाखवतो.”

घरून त्यानं सुतळीचं बंडल, खुंट्या आणि गेरू-चुना करून उरलेली चुन्याची अर्धी पिशवी आणली. त्याच्या बांधीत यंदा लाखोळीच्या डाळीचं पीक टाकलेलं नव्हतं, धान निघाल्यावर जमीन मोकळीच होती. टगचा नकाशा त्यानं रुचीच्या लॅपटॉपवर एकदाच पाहिला होता, पण त्याला तेवढं पुरे होतं. मागच्या बाजूला पहिली खुंटी ठोकली, सुतळी ताणली, पावलं मोजली, पुन्हा मोजली, आणि मूठमूठ चुना सोडत रेघ ओढायला लागला. सत्तरीला टेकलेला माणूस उन्हात असा वाकून चाललेला पाहून पार्वताबाई म्हणाली, राहू द्या, समजलं मले. त्यानं ऐकलं नाही. तिनं मग सुतळीचं दुसरं टोक धरलं.

बांधी सव्वीस मीटरची. टग तीत मावेना. रेघ धुऱ्यावर चढली आणि पलीकडे ईश्वरदासच्या बांधीत उतरली.

ईश्वरदास बैलांची जोडी घेऊन तळ्याकडून येत होता. याच धुऱ्यावरून त्याच्या आणि ताराचंदच्या बापांचं भांडण एकदा तहसीलपर्यंत गेलं होतं. आपल्या बांधीत पांढरी रेघ पाहून तो तिथूनच ओरडला, “ताराचंद, माझ्या बांधीत काय करून राहिला गा?”

“जहाज आहे.”

“कोनाचं?”

“सरकारचं.”

हे ऐकून ईश्वरदास जास्तच घाबरला. “म्हनजे माझी जमीन जाऊन राहिली का?”

“नाई गा बाप्पा. मावलं नाई माझ्यात, म्हनून नाक तेवढं तुझ्याकडं आलं.”

पार्वताबाई मधे पडली. “मले दाखवून राहिले, भाऊजी. मी कधी पाह्यलं नाई ना.”

ईश्वरदासनं त्या रेघेकडे पाहिलं, मग सुतळी हातात धरून उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला, “राहू द्या मंग नाक.” आणि बैलांना थांबवून तो तिथेच पाहत उभा राहिला.

पार्वताबाई मागच्या टोकापासून चालायला लागली. इंजिन कुठे, तिनं विचारलं. ताराचंदनं जागा दाखवली. आपल्या खोलीएवढंच आहे की, ती समाधानानं म्हणाली. कप्तान कुठे बसतो, लोक स्वयंपाक कुठे करतात, पाणी आत येत नाही का, सगळं विचारत ती मध्यापर्यंत आली. ताराचंद प्रत्येक गोष्टीला थांबून उत्तर देत होता. चौतीस वर्षांत त्यानं घरी एवढं कधी सांगितलं नव्हतं, आणि आपण का सांगितलं नाही याचं त्यालाच आता वाईट वाटत होतं.

“आन् ते प्लेट?”

तो तिला धरून धुरा ओलांडून पलीकडे घेऊन गेला. नाकाच्या पोटाशी त्यानं एक लहान चौकोन चुन्यानं वेगळा काढला होता. पार्वताबाई त्यात जाऊन उभी राहिली. तिच्या दोन पावलांभोवती थोडीशीच जागा उरली.

“एवढीशी?” ती म्हणाली.

“आधी तेवढीच फाटते.”

ती बराच वेळ तिथे उभी होती. मग म्हणाली, “चांगलं केलं जी तुमी सांगतलं ते.” ताराचंदनं मान हलवली.

ऊन उतरायला लागलं होतं. ईश्वरदासनं बैलांना हाक दिली. त्याचा रस्ता त्याच्या बांधीतून सरळ घराकडे जात होता, त्या पांढऱ्या रेघेवरून. बैल रोजच्या सवयीनं तिकडेच निघाले, तेव्हा त्यानं कासरा ओढून त्यांना बाजूला घेतलं, आणि नाकाला वळसा घालून, कडेकडेनं घरी नेलं.